रिकामी दिसू नये म्हणून

१

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. ऊन होतं, पण त्याला धार नव्हती; दुधात पाणी जास्त झाल्यासारखं पातळ, पांढरट. झाडाचं पान हलत नव्हतं. तारेवरचे कावळेसुद्धा कुणीतरी बसवून ठेवल्यासारखे बसले होते. अशा दिवशी ओला कपडा वाळायला वेळ लागतो, हे मान्य. पण वाळलेला कपडा आपला आपण ओला होतो, असं काही कुणी ऐकलेलं नाही.

माझं घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर एक. वर जायला जिना बाहेरून. गवंडीकामात माझी हयात गेली. लोकांची घरं बांधता बांधता उरल्यासुरल्या विटांवर हे उभं केलं, त्यामुळे भिंती ओळंब्यात सरळ आहेत पण विटा एका जातीच्या नाहीत. खाली आम्ही दोघं राहायचो आणि वरची खोली भाड्याने द्यायचो. एक कंडक्टर राहून गेला, एक नर्सबाई राहून गेल्या, नवरा-बायको दोघंही शिकवायला जाणारी अशी एक जोडी राहून गेली. भाडेकरू गेला तरी त्याचं काहीबाही मागे राहतंच. साबणाची चकती, खिळ्याला अडकलेला हँगर. बायको ते टाकू देत नसे. म्हणायची, "असू दे. खोलीला माणसाची सवय राहते."

रिकाम्या खोलीचं एक असतं. ती रिकामी आहे हे कळलं की आणखी रिकामी राहते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की दुसरं पायरी चढत नाही, तसं. लोक म्हणतात, इतके दिवस पडून आहे म्हणजे काहीतरी खोट असणार. शिवाय चोराचिलटाचं लक्ष जातं ते वेगळंच. म्हणून आमच्या हिने एक पद्धत पाडली होती. खोली रिकामी झाली की दाराशी माझ्या जुन्या चपला ठेवायच्या. बाहेरच्या दोरीवर एक टॉवेल टाकायचा. संध्याकाळी आतला बल्ब लावायचा, जेवणवेळ टळली की घालवायचा. सकाळी खिडक्या उघडायच्या आणि मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं, नाहीतर गटाराचा वास वर चढतो. कुणी विचारलंच तर म्हणायचं, "आहेत की वर. कामावर गेलेत." आणि खरं गिऱ्हाईक दारात आलं की गुपचूप चपला-टॉवेल उचलायचे नि म्हणायचं, "कालच रिकामी झाली बघा. तुमचं नशीब जोरावर."

खोटं होतं, पण कुणाच्या पोटावर पाय न आणणारं. माझ्या माहितीतले बरेच घरमालक असंच काहीबाही करतात.

मग ही गेली. पाठोपाठ वरचा शेवटचा भाडेकरूही बदलीच्या गावी गेला. मी हिची पद्धत चालू ठेवली, करायची म्हणून. ही गेल्यापासून मी सगळंच करायचं म्हणून करत होतो. जेवण म्हणजे पोटात ढकलणं, झोप म्हणजे डोळे मिटणं. मला रडू आलं नव्हतं. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीरबीर काही नव्हता. अंगाखाली येऊन हात बधिर झाला की चिमटा घेतला तरी कळत नाही, तशातला प्रकार होता.

तर त्या दिवशी खिडक्या उघडायला वर गेलो, जाता जाता टॉवेल सारखा करावा म्हणून हात लावला, आणि तो ओला होता. पाऊस नाही, दव नाही, टाकी घराच्या दुसऱ्या अंगाला. नुसता ओला नव्हता, अंग पुसून घट्ट पिळून टाकल्यासारखा होता. त्याला साबणाचा वास होता.

मी हात लेंग्याला पुसला. मग टॉवेलाची टोकं जुळवली, खोलीचं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, मोरीत पाणी ओतलं आणि खाली आलो.

२

लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात असते. तिला वाईट बातमी आधीच माहीत असल्यासारखं बोलायची खोड आहे, आईकडून आलेली.

"बाबा, वर कुणी आलं का?"

"येतायत लोक बघायला."

"बघायला, बघायला! बघून बघून दृष्ट लागेल त्या खोलीला. आलं का ते सांगा."

"पोरं काय म्हणतात?"

"पोरं धडधाकट आहेत. तुम्ही विषय बदलू नका."

तिच्या जागी ती चुकत नव्हती. ही गेल्यावर एकदा मी मोरीत घसरून पडलो होतो नि अर्धा दिवस तसाच पडून होतो. समोरच्या घरात खिडकीशी मशीन टाकून एक बाई शिवणकाम करते. सगळा रस्ता तिला शिवणवाली म्हणतो. तिने सकाळपासून मला पाहिलं नाही म्हणून हाका मारल्या, तेव्हा कुठे उचललं मला. वर कुणी असतं तर आवाज लगेच कळला असता, हे लेकीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"मी नि ह्यांनी ठरवलंय," ती म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत वर माणूस आला तर राहा खुशाल. नाहीतर मी येते, घराला कुलूप लावते आणि तुम्हाला घेऊन जाते. मग पुढे विकायचं की काय ते निवांत बघू."

लेकीचं घर वाईट नाही. जावई भला माणूस आहे. पण तिथे मी म्हणजे सोफ्यावर बसवलेला पाहुणा. आणि खरं सांगायचं तर कारण वेगळंच होतं. मला हिच्या जाण्याचं अजून काहीच वाटलं नव्हतं. कधीतरी वाटेल असं मला वाटत होतं. हिचा हात जिथे जिथे लागलाय, त्या भिंती, ती कडी, तो ओटा, सगळं इथे होतं. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी मी इथे असायला हवा होतो. परक्या सोफ्यावर बसून कशाचं रडू येणार?

"आला," मी म्हणालो.

"काय आलं?"

"भाडेकरू आला. तुला सांगायचंच राहिलं."

"कोण आहे?"

"एकटाच आहे. वयाने बराच आहे. पाळीवर जातो कुठेतरी."

"आवाज-बिवाज, पिणं-बिणं?"

"छे छे. गरीब गाय आहे. थोडा खोकतो, एवढंच."

खोकला का सांगितला कोण जाणे. खोटं अगदी गुळगुळीत असलं की हातातून सटकतं, त्याला थोडा खडबडीतपणा लागतो. गिलावा धरावा म्हणून भिंतीला आधी टाचे मारतात, तसा. लेक म्हणाली, "बरं. त्यांना तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगा."

फोन ठेवून मी चहा टाकला. पाण्याला आधण येत होतं, आणि डोक्यावर, वरच्या खोलीत, कुणीतरी खोकलं. घसा साफ केल्यासारखं दोनदा, नि मग एकदा दमून.

नळात हवा धरली की असा आवाज येतो. मी पाइप टाकलेले आहेत, मला माहीत आहे. चहात साखर घालायची राहिली, ते पिऊन झाल्यावर कळलं.

३

त्याच आठवड्यात दलाल एका जोडप्याला घेऊन आला. खरा भाडेकरू मिळाला तर खोटं बोलल्याचं निस्तरेल, म्हणून मी घाईने वर गेलो. टॉवेल काढला. तो ओलाच होता. चपला उचलल्या. त्या मी नेहमी भिंतीकडे तोंड करून ठेवतो. आता त्यांची तोंडं जिन्याकडे होती, बाहेर पडायच्या तयारीत असल्यासारखी. दोन्ही वस्तू पिशवीत कोंबल्या नि सगळ्यांना वर बोलावलं.

"कालच रिकामी झाली बघा," मी म्हणालो.

दलाल हसला. "काकांची खोली नेहमी कालच रिकामी होते."

नवरा भिंतींवर टिचक्या मारून बघत होता. बायको नवखी, लाजरी. तिने चपला दाराबाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेली. मोरी पाहिली, खिडकी पाहिली. मग खिडकीखालच्या कोपऱ्यात गेली नि तिथेच थांबली. पाय उचलला, पुन्हा टेकवला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "इकडे या ना. इथे फरशी कोमट आहे."

"उन्हाने असेल."

"ऊन त्या अंगाला आहे."

तेव्हा मीही नीट पाहिलं. मी खोली उघडत होतो, झाडत नव्हतो. सगळ्या फरशीवर धुळीची साय होती. कोपऱ्यात मात्र अंथरूण घातल्यावर जेवढी जागा लागते तेवढी फरशी लखलखीत होती. माणसाच्या लांबीची. बाई वाकली, तळहात टेकवून पाहिला, आणि हात झटकन ओढून घेतला.

"कुणीतरी आत्ताच उठलंय इथून," ती हळू आवाजात म्हणाली.

नवऱ्याने मोरीत डोकावून पाहिलं. साबणाची चकती ओली होती, तिच्यावर फेस होता. बायकोच्या दंडाला धरून तो जिना उतरला.

दलाल मागे राहिला. त्याच्या तोंडावर राग होता. "काका, वय झालं म्हणून मान देतो. पण माणूस राहतोय तर मला कशाला पायपीट करायला लावता? भाडं वाढवून घ्यायचा डाव असेल तर त्याच्याशी सरळ बोला. माझं नाव खराब होतं."

"वर कुणी नाही रे."

"मग तो साबण काय तुम्ही लावला?"

मला वाटतं मी हो म्हणालो. तो मान हलवत गेला, आणि मग परत आला नाही.

सगळे गेल्यावर मी त्या जागेवर हात ठेवला. फरशी गार होती, बाकीच्या फरशीसारखीच. मग काय मनात आलं, मी तिथे आडवा झालो. डोकं एका कडेला लागलं, टाचा दुसऱ्या कडेला. जागा अगदी माझ्या मापाची होती.

४

म्हाताऱ्याला जे जे सुचतं ते सगळं मी स्वतःला समजावून पाहिलं. मीच वर जात असेन आणि विसरत असेन. आमच्या ओळखीतला एक सुतार असा विसरायचा. स्वतःच लावलेलं दार रंधा मारायला परत मागायचा. माझंही तसंच असेल. टॉवेल मीच भिजवत असेन. मीच निजत असेन तिथे. पण मी खाली चहा करत असताना वर खोकत कसा असेन, याचं उत्तर त्यात नव्हतं. ते मी नळावर ढकललं.

एका सकाळी शिवणवालीने मशीन थांबवून हाक मारली. "काका, तुमचा भाडेकरू मुका आहे का हो?"

"का गं?"

"राम राम घातला तर वळूनसुद्धा बघत नाही. टॉवेल टाकतो नि जातो आत. मेला असा शिष्टपणा!"

"दिसतो कसा?"

ती खळखळून हसली. "ऐका! ठेवलाय तुम्ही आणि दिसतो कसा म्हणून मला विचारताय! पाठमोराच असतो. पहिल्या दिवशी तर मला वाटलं तुम्हीच आहात. तशीच वाकलेली पाठ, तसाच एक खांदा खाली."

"मीच असेन."

"तुम्ही खाली ओट्यावर बसला होता की. मी तुमच्याशीच बोलत होते."

तिनेही माझ्याच तोंडून ऐकलं होतं, वर माणूस आहे म्हणून. सांगितलं की दिसायला लागतं, मी स्वतःला म्हणालो. बागुलबुवाचं काय असतं दुसरं. पोरांना आपणच सांगतो, आणि पोरांना तो दिसतो.

मला भीती वाटायला हवी होती. ती वाटावी म्हणून मी थोडी वाटसुद्धा पाहिली. पण आत सगळं थिजलेलंच होतं. उलट हळूहळू सवय झाली. दुपारी मी आडवा झालो की वर पावलं व्हायची. खिडकीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून खिडकीपर्यंत. जड, सावकाश. मध्येच खोकला. ते ऐकता ऐकता मला गाढ झोप लागायची, ही गेल्यापासून पहिल्यांदाच. घरात दुसरं माणूस असलं की घर बोलतं. काय बोलतं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

मी दुसरा दलाल गाठायचा विचार सोडून दिला. खिडक्या उघडायला वर जाणंही बंद केलं. त्या आता सकाळी उघड्याच असायच्या. मोरीतून पाणी पडल्याचा आवाज पाइपातून खाली येत असे.

५

महिना संपत आला तसा लेकीचा पुन्हा फोन आला.

"मी रविवारी येतेय."

"कशाला? भाडेकरू आहे म्हटलं ना."

"तेच बघायला येतेय. बाबा, मला झोप लागत नाही. एकटा बाप्या, पाळीवर जाणारा. दिवसभर बाहेर नि आल्यावर घोरत पडणार. तुम्ही परत पडलात तर त्याला काय कळणार? एखादी बाईमाणूस असती वर, तर माझा जीव थाऱ्यावर राहिला असता. मी बोलेन त्याच्याशी. समोरासमोर."

ती जिना चढतेय, दार ढकलतेय, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं. तेव्हा कितीतरी दिवसांनी मला काहीतरी झालं. बधिर हातात रक्त परत येताना मुंग्या येतात, तसं. तिला त्या खोलीत जाऊ द्यायचं नव्हतं. आणि मला इथून जायचं नव्हतं. दोन्ही एकदम साधायला एकच वाट होती, आणि ती माझ्या तोंडाला चांगली ओळखीची झाली होती.

"तो गेला," मी म्हणालो.

"गेला? कधी?"

"परवाच. पण खोली रिकामी नाही राहिली. एक बाई आलीय. एकटीच आहे."

"खरं सांगताय?"

"तुझ्याच वयाची आहे. तुझ्यासारखीच आहे गं अगदी. बोलायला, चालायला. माझ्यावर ओरडतेसुद्धा."

पलीकडे लेक हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "मग तर बरंच झालं. ओरडायला कुणीतरी हवंच होतं तुम्हाला. आता पुढच्या सुटीत येते, सगळ्यांना घेऊनच."

फोन ठेवला. वरची पावलं खिडकीपासून मोरीकडे चालली होती. जड, सावकाश. ती अर्ध्या वाटेत थांबली.

मी वर छताकडे पाहत बसलो. तो स्लॅब मीच ओतलेला. त्यात सळई कुठे आहे नि खडी कुठे आहे हे मला डोळे मिटून सांगता येईल. त्याच्या पलीकडे कुणीतरी, माझ्या डोक्याच्या बरोबर वर, एका जागी उभं होतं. ऐकत असल्यासारखं. बराच वेळ.

मग पावलं पुन्हा सुरू झाली. ती हलकी होती, भरभर, आणि प्रत्येक पावलाला टाच आपटत होती. आमची लेक तशी चालते. लहानपणापासून. ही तिला म्हणायची, "अगं, जमिनीने काय घोडं मारलंय तुझं?"

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेलो. का गेलो, हे मला नीट सांगता येणार नाही. आपण सांगितलेलं कितपत खरं उतरलंय हे बघायला गेलो असेन. बांधलेली भिंत दुसऱ्या दिवशी माणूस हात लावून बघतोच.

जिन्यावर ऊन होतं. दोरीवर टॉवेल नव्हता. धुतलेलं बायकी लुगडंबिगडंही काही नव्हतं, नुसती दोरी. दार बोटभर उघडं होतं. कुलूप कोयंड्यात लटकत होतं आणि त्याची किल्ली माझ्या खिशात होती.

मी आत गेलो नाही. फटीतून पाहिलं. खोली झाडलेली होती. धूळ कुठे नव्हती. फटीतून भिंतीचा एक पट्टा, खिडकीचा कोपरा आणि फरशी एवढंच दिसत होतं. कुणीतरी दाराला लागून, भिंतीआड, खाली बसलं होतं. त्याचा एक हात तेवढा पट्ट्यात आला. बाईचा हात, कोपरापर्यंत उघडा. तो फरशीवर सावकाश पुढे-मागे फिरत होता, फरशी पुसावी तसा, पण हातात फडकं नव्हतं.

त्या हातावर मनगटाच्या वर भाजल्याचा डाग होता. नाण्याएवढा, कडा सुरकुतलेला.

लेक लहान असताना तिच्या हातावर चहाचं आधण सांडलं होतं. मी तिला कडेवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळालो होतो. तो डाग मी किती वेळा पाहिला असेन. आणि तिथे दाराशी उभा राहून मला आठवेना, डाग कुठल्या हाताला आहे ते. हा हात डावा होता.

हात थांबला.

"बाबा," आतून आवाज आला. लेकीचाच आवाज, तोच वैतागलेला, मायेचा. "उन्हात काय उभे राहिलाय? या ना आत."

माझा पाय उचलला गेला होता. ते मी लपवत नाही. त्या आवाजाला मी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. कठड्याला धरून मी पाय खाली ठेवला, आणि एकेक पायरी करत, तोंड दाराकडेच ठेवून, उलटा उतरलो. दार उघडलं नाही. बंदही झालं नाही.

७

खाली येऊन लेकीला फोन लावला. भीती वाटत होती. वाटतेय म्हणजे चांगलंच, असंही एक मनात आलं.

"बाबा? या वेळी? बरं आहे ना सगळं?"

"तुझा तो डाग. भाजल्याचा. कुठल्या हाताला आहे गं?"

"उजव्या. का हो?"

"काही नाही. असंच."

"असंच काय? आवाज का असा येतोय तुमचा? बाबा, मी येऊ का? खरं सांगा. ह्यांना गाडी काढायला लावते, संध्याकाळपर्यंत पोचते."

तेव्हा मला सगळं सांगायचं होतं. ये, मला घेऊन जा, घर विक, पाड, काय करायचं ते कर, असं ओठांवर आलं होतं. पण ती आली असती तर खाली थांबली नसती. वरच्या बाईचे आभार मानायला ती आधी जिना चढली असती. मी अडवलं असतं तर जास्तच धावली असती. आईचीच लेक ती. आणि तो आवाज तिला या ना म्हणाला असता, तिच्याच आवाजात.

"नको," मी म्हणालो. "तू नको येऊस. मला सोबत आहे."

"नक्की?"

"नक्की. आता काही दिवस येऊच नकोस. सुटीतही नको. मी सांगेन तेव्हा ये."

ती जरा दुखावली. मग म्हणाली, "बरं बाबा, जशी तुमची मर्जी." फोन बंद झाला.

मी ओट्यावर येऊन बसलो. ज्यासाठी एवढं सगळं केलं ते मला मिळालं होतं. आता इथून मला कुणी नेणार नव्हतं. हिचा हात लागलेली कडी पाठीशी होती, पायाखाली हिने घासून घासून गुळगुळीत केलेली पायरी. मी वाट पाहिली. आता तरी काही वाटेल, आता तरी डोळे भरतील. काही झालं नाही. वर टाचा आपटत कुणीतरी आवराआवर करत होतं. काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला, खिडकीखालच्या कोपऱ्याकडून. मग चादर झटकल्याचा.

समोर शिवणवालीचं मशीन चालू होतं. तिने धागा दातांनी तोडला, मान वर करून आधी माझ्या डोक्यावरच्या खिडकीकडे पाहिलं, ओळखीचं हसली, हात हलवला, आणि मग माझ्याकडे वळली.

"काय काका, लेक आली नि आम्हाला पत्ता नाही! आत्ताच बोलत होती माझ्याशी वरून. जराही बदलली नाही हो पोरगी. म्हणाली, बाबांचं अंथरूण वरच घातलंय, आजपासून त्यांना माझ्याजवळच ठेवते. तुमचं खालचं रिकामं होतंय म्हणे. कुणी चांगलं माणूस असेल तर सांगा म्हणाली."